‘पोरगी बरी आहे’चं इंग्रजी

माझ्या टेबलासमोर बसलेले वडील पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास बोलतात. "सरकारी कॉलेज? अहो मॅडम, सरकारी शाळेतून सुटका व्हावी म्हणून तर इतक्या लांब आलो आम्ही!"

बोलणारे बहुतेक वेळा बँकेत मोठ्या हुद्द्यावर असतात. मी शांतपणे विचारते, "तुमचं शिक्षण कुठे झालं?"

"पुण्याला. इंजिनिअरिंग."

"खाजगी कॉलेजात?"

"छे! सरकारी. तेव्हा खाजगी परवडतंय कुणाला?"

मग मी नुसती बघत राहते. बायको शेजारी बसलेली असेल तर ती आधी हसते.

सिंगापुरात नोव्हेना भागात, दवाखान्यांनी भरलेल्या एका इमारतीत, दातांच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खालून दात कोरल्याचा आवाज येतो आणि वर आम्ही मुलांचं भविष्य कोरतो, असा आमच्या बॉसचा जुना विनोद आहे. माझं काम एका ओळीत सांगायचं तर, सिंगापुरातल्या मुलांना अमेरिकेतली परवडणारी आणि चांगली सार्वजनिक विद्यापीठं शोधून देणं. सात वर्षं करतेय. या अंकाच्या संपादकांनी मला बजावलंय, "किस्से लिही. भाषण नको."

कठीण आहे, पण प्रयत्न करते. माझी आई सांगलीला नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. शाळा बंद करायला निघालेल्यांविरुद्ध, फीवाढीविरुद्ध पत्रकं काढायची. आमच्या घरी पोळ्यांपेक्षा पत्रकांच्या घड्या जास्त झाल्या. मला जोडाक्षर शिकवलं ते ‘हक्क’ या शब्दावर. शिक्षण ही विकायची वस्तू नाही, हे मी अंकलिपीच्या आधी पाठ केलं. आणि आता पोट भरते ते शिक्षणाची किंमत समजावून सांगण्यावर. हसायचं असेल तर हसून घ्या.

तर हा धंदा काय आहे ते आधी सांगते. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपल्या करांमधून स्वतःची विद्यापीठं चालवतं. त्या राज्यातल्या मुलांना फी कमी. शेजारच्या राज्यातून आलेलं मूल ‘आऊट-ऑफ-स्टेट’, म्हणजे बाहेरचं, त्याला फी कितीतरी जास्त. आपण तर समुद्रापलीकडचे, म्हणजे बाहेरच्यांतले बाहेरचे. पण काही विद्यापीठं हुशार मुलांना ओढण्यासाठी हा वरचा फरक माफ करतात. आणि अशाच काही मोठ्या विद्यापीठांच्या पोटात एक छोटं कॉलेज असतं, त्याला म्हणतात ऑनर्स कॉलेज. पंधरा-वीस मुलांचे वर्ग, प्राध्यापकांशी थेट ओळख, शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध.

इथे आणखी एक गोंधळ होतो. "ऑनर्स पास होताना मिळतं ना? मग आधीच अर्ज कसला?" असं मला किती आयांनी विचारलंय! त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे आणि सिंगापुरातही ऑनर्स हा शेवटी मिळणारा शेरा. तिकडे ते आत शिरायचं दार आहे.

दारावर पाटी लावणं सोपं असतं. हॉस्टेलच्या एका मजल्याला नवीन गालिचा घालून त्याला ऑनर्स म्हणणारी विद्यापीठंही मी पाहिली आहेत. म्हणून मी माहितीपत्रकं वाचत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुलांचे जुने प्रबंध ठेवलेले असतात, इंटरनेटवर कुणालाही उघडता येतात. ते वाचते. एका मुलीने धान्याच्या कोठारात शिरणाऱ्या मुंग्यांवर शंभर पानं लिहिली होती. एकाने आपल्या गावात बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर. बावीस वर्षांची पोरं! आणि शेवटच्या पानावर प्रत्येकाने ज्या प्राध्यापकाचे आभार मानलेले, त्याच्या खुणा मजकुरात दिसायच्या. कुणीतरी त्या मुलाची ओळ न् ओळ वाचलीय, हे कळायचं. हे सगळं कुणाच्या पैशावर? मका पिकवणाऱ्यांच्या, ट्रक चालवणाऱ्यांच्या करांवर. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते. आई ज्याच्यासाठी पत्रकं काढत होती ते कुठेतरी खरोखर उभं आहे, आणि मी ते कीबोर्डवरून चाचपत होते.

असो. भाषण नको. किस्सा सांगते. माझ्या सात वर्षांतला सगळ्यांत मोठा, आणि त्यात मी शहाणी ठरत नाही.

केतकी परब. राहायला सेंगकांगला, शहराच्या ईशान्य टोकाला. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला, मरीन इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. वडील जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रात. आई, रश्मीताई, आमच्याच रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या मुलीला घेऊन वर आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "इथल्या युनिव्हर्सिटीत डिप्लोमावाल्यांना जागा थोड्या. हिचे मार्क चांगले आहेत, पण पहिल्या रांगेतले नाहीत. आणि बाहेर पाठवायचं तर आम्हाला झेपेल तेवढंच. उगाच फ्लॅट गहाण टाकून नाही."

"आई, डोन्ट स्केअर हर लाह," केतकी म्हणाली.

"घाबरवत नाहीये. सरळ सांगतेय."

मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

मुलीला विचारलं, "तुला काय शिकायचंय?"

"पंप," ती म्हणाली. "म्हणजे, पाणी पंपाच्या आत काय करतं ते. आपल्याला दिसत नाही ना. ओन्ली आवाज येतो."

तीन आठवडे मी शोधलं. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक विद्यापीठ निघालं. समुद्रापासून शेकडो मैल लांब, आणि तिथे पाण्याच्या प्रवाहावर काम करणारी चांगली प्रयोगशाळा. ऑनर्स कॉलेज अस्सल. आणि महत्त्वाचं म्हणजे ऑनर्समध्ये निवड झालेल्यांना बाहेरच्यांची वरची फी पूर्ण माफ. ऑनर्स मिळालं तर केतकी जाऊ शकत होती. नाही मिळालं तर त्याच विद्यापीठाचा प्रवेश हातात असूनही जाणं अशक्य. सगळं त्या एका दारावर होतं.

त्या कॉलेजने एक वेगळं पत्र मागितलं होतं. शिक्षकाचं नको, जिने किंवा ज्याने तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिलंय, अशा माणसाचं. कुठल्याही भाषेत चालेल. मूळ पत्र आणि सोबत भाषांतर जोडा, भाषांतर करणाऱ्याने ते खरं असल्याची सही करावी.

केतकी म्हणाली, "तांडेल काका."

तांडेल काका म्हणजे अलिबागकडचे निवृत्त चीफ इंजिनिअर. तीस-बत्तीस वर्षं जहाजांवर काढून आता तुआसच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये जुने पंप दुरुस्त करतात. केतकीचे बाबा एके काळी त्यांच्या हाताखाली होते. दोन वर्षांपासून दर शनिवारी केतकी तिकडे जाऊन पंप उघडत होती. मी काकांना भेटायला गेले तेव्हा ते हात पुसत बाहेर आले.

"पत्र लिहितो," म्हणाले, "पण मराठीत. इंग्रजीत मी आयुष्यभर तक्रारीच लिहिल्या. कंपनीला, पोर्टाला, पार्ट पाठवणाऱ्याला. चांगलं कोणाबद्दल लिवायची सवय नाय मला त्या भाषेत."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. वहीचा कागद, निळी शाई, ठळक अक्षर. ते असं होतं:

‘केतकी परब माझ्याकडे दोन वर्षे शनिवारी येते. पोरगी बरी आहे. हात बरा आहे. पहिल्या महिन्यात तिने पंपाचे सील उलटे बसविले. गळती झाली. तिने गुपचूप उघडून नीट केले नाही. आधी येऊन मला सांगितले, मग उघडले. त्यानंतर सील उलटे बसविले नाही. प्रश्न फार विचारते. त्यातील काहींची उत्तरे मला येत नाहीत. तिला शिकवावे.’

खाली सही. संपलं.

मी ते तीनदा वाचलं. अमेरिकन शिफारसपत्रं मी शेकड्याने वाचली आहेत. त्यात प्रत्येक मूल असामान्य असतं, प्रत्येकाने शिक्षकाला बदलून टाकलेलं असतं. त्या ढिगाऱ्यात ‘पोरगी बरी आहे’? आपल्याकडे ‘बरी’ म्हणजे काय ते आपल्याला कळतं. लग्नाच्या पंगतीत आजोबांनी जेवणाला ‘बरं झालंय’ म्हटलं तर आचारी घरी जाऊन सांगतो. पण हे तिकडच्या माणसाला कोण सांगणार? सील उलटं बसवल्याचं तर त्यांनी पानाच्या मधोमध लिहून ठेवलेलं.

आई मला सांगायची, पत्रकात एक शब्द खोटा निघाला की उरलेले शंभर खरे शब्दही खोटे ठरतात. मला हे पाठ आहे. मी हे इतरांना सुनावते. फीबद्दल खोटं बोलणाऱ्या एजंटांशी मी भर सेमिनारमध्ये उभं राहून भांडलेय.

आणि मी भाषांतर करायला बसले, आणि ‘पोरगी बरी आहे’चं केलं ‘ती एक असामान्य तरुणी आहे.’ ‘हात बरा आहे’चं केलं ‘तिच्या हातांत उपजत प्रतिभा आहे.’ सीलचं वाक्य गाळलं. गळतीचं गाळलं. ‘प्रश्न फार विचारते’चं झालं ‘तिचे प्रश्न अनुभवी अभियंत्यांनाही विचार करायला लावतात.’ माझी मलाच समजूत घातली की मी शब्द नाही, अर्थ भाषांतरित करतेय. मग खाली सही केली की हे भाषांतर खरं आणि पूर्ण आहे. मूळ मराठी पान सोबत जोडलं. ते कोण वाचणार होतं?

पाच आठवड्यांनी, सकाळी ऑफिसात आल्या आल्या, मला त्या ऑनर्स कॉलेजचा ईमेल दिसला. चार ओळींचा, अतिशय सभ्य. मजकूर असा: आमच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा संग्रह आहे. तो सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनी मूळ पत्र वाचलं. मुळात एक सील आहे, ते तुमच्या भाषांतरात आम्हाला सापडलं नाही. या अर्जासाठी आम्ही कुठलं पत्र वाचावं, ते कृपया कळवा.

माझी प्रतिक्रिया मी आजही नीट सांगू शकत नाही. लाज वाटली, अर्थातच, कानशिलं तापली. पण त्याच क्षणी, त्याच्याइतकंच जोरात, मी थक्क झाले. मक्याच्या शेतांच्या मधोमध मराठी पुस्तकांचा संग्रह! तो सांभाळायला पगारी माणूस! आणि हजारो अर्जांच्या गठ्ठ्यात कुणाला तरी वाटलं की एकोणीस वर्षांच्या एका परक्या मुलीबद्दलचं वहीचं पान, न कळणाऱ्या लिपीतलं, जिना उतरून जाऊन वाचून घ्यावं. मी ज्याची इतकी वर्षं जाहिरात करत होते ते खरं होतं. माझ्या जाहिरातीपेक्षा जास्त खरं होतं. आणि मी त्यालाच फसवायला गेले होते.

मिस टॅन, म्हणजे आमची बॉस, निवृत्त गणित शिक्षिका. ईमेल वाचून तिने चष्मा काढला.

"तू बदललंस?"

"हो."

"कळव, की संस्कृतीतला फरक आहे. शब्दशः केलं असतं तर अर्थ हरवला असता. त्यात खोटं काही नाही."

"सीलचं काय?"

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "सीलला संस्कृती नसते."

मला वाचवणारी वाट ती एकच होती आणि ती तिथे बंद झाली. पण प्रश्न माझा नव्हता. मी खोटं कबूल केलं तर केतकीचा अर्जच रद्द होऊ शकत होता. अर्ज तिचा, सही माझी. पण ते वेगळं का धरतील? मी लपवलं असतं तर कदाचित निभलं असतं. पण ते केतकीला न विचारता ठरवायचा मला अधिकार नव्हता. एकदा मी तसंच ठरवलं होतं, त्याचंच हे फळ.

संध्याकाळी सेंगकांगला गेले. एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या लोकल गाडीच्या, डब्यात उभी राहून तोंडात वाक्यं जुळवत होते. रश्मीताईंनी दार उघडलं, चहा ठेवला, मी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

केतकीने इंग्रजी पान वाचलं. मग मराठी, अडखळत, बोट फिरवत. मान वर करून म्हणाली, "ताई, तुम्ही सील काढून टाकलं?"

"हो."

"पण तोच तर बेस्ट पार्ट!"

रश्मीताई आत गेल्या, फोन घेऊन आल्या, एक फोटो माझ्यासमोर धरला. जहाजावरची अरुंद केबिन, आणि बंकच्या वर भिंतीला चिकटवलेला कागद. काकांच्या पत्राची प्रिंट.

"पाच वर्षं हे तांडेल साहेबांच्या हाताखाली होते," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत साहेबांच्या तोंडून एकदाही ह्यांच्यासाठी ‘बरा’ निघालं नाही. पोरीला मिळालं म्हणून ह्यांनी ते भिंतीला लावलंय. आणि तुम्हाला ते कमी वाटलं?"

"कमी नाही वाटलं. तिकडच्यांना कळणार नाही असं वाटलं."

"मग आम्हाला विचारायचं. आम्ही काय परके होतो?"

सामान्य माणसाला सगळं सांगा, त्याला ठरवू द्या, हे मी किती पत्रकांत वाचलं होतं! समोर सामान्य माणूस बसलेला असताना मी त्याच्या वतीने ठरवून मोकळी झाले.

"आता काय करायचं?" रश्मीताईंनी विचारलं.

"मी कबुलीचं पत्र लिहिते. चूक माझी, केतकीला माहीत नव्हतं. पण त्यात धोका आहे. ते अर्ज बाद करू शकतात. तुम्ही नको म्हणालात तर..."

"काय करायचं म्हणजे काय?" केतकी मध्येच बोलली. "आधी जाऊन सांगायचं. मग उघडायचं. काकांनी लिहिलंय ना."

रश्मीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या चहा गाळायला उठल्या. ठरलं.

शनिवारी तुआसला गेले. काकांना इंग्रजी पान दिलं. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं, एकेक शब्द दुरून आलेल्या पाहुण्याला हात देतात तसा. वाचून झाल्यावर म्हणाले, "कोण गो ही? एकदा भेटव मला. एवढी हुशार असेल तर तिलाच ठेवतो कामाला."

वर्कशॉपमधला एक तमिळ मेकॅनिक हसला. मला हसू येईना.

"काका, माफ करा."

त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी केली आणि मला परत दिली. "दोन आठवडे लागले मला ते लिवायला, पोरी. रोज एक ओळ. जी ओळ पूर्ण खरी वाटली नाय ती खोडली. म्हणून एवढंच उरलं."

यापेक्षा वाईट ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

कबुलीपत्र मी एका बैठकीत लिहिलं. कारणं दिली नाहीत. मूळ पत्र हेच खरं, बदल मी केले, विद्यार्थिनीला आणि पत्र लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी उत्तर आलं: केतकीने स्वतः भाषांतर करावं आणि मग एक मुलाखत द्यावी.

भाषांतर करताना तिने मला शेजारी बसू दिलं, पण पेन हातात घेऊ दिलं नाही. मराठी तिची घरातली, लिहायची सवय नाही. ‘बरी’वर ती एक अख्खी दुपार अडली. शेवटी लिहिलं, शी इज ऑल राइट. तळाला टीप हवी का, असं मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "विचारलं तर सांगेन."

मुलाखत आमच्याच ऑफिसात झाली. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. "ताई, तुम्ही बसा, पण कॅमेऱ्यात नको आणि आवाज नको," केतकीने बजावलं. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. पडद्यावर दोघं आले. एक दाढीवाले प्राध्यापक, मळकट शर्टाच्या बाह्या दुमडलेले. दुसऱ्या, पांढरे केस कापलेल्या साठीच्या गोऱ्या बाई. बाईंनी हात जोडले.

"नमस्कार केतकी. मी ग्रंथपाल आहे. तरुणपणी पुण्यात मराठी शिकले. आता बोलायला कुणी मिळत नाही, म्हणून माझे मराठी पुस्तकी झाले आहे. क्षमा असावी."

केतकीचं तोंड उघडंच राहिलं. कोपऱ्यात माझंही.

"आपण ‘बरी’ या शब्दाचे भाषांतर फारच साधे केले आहे," बाई म्हणाल्या. "का बरे?"

आणि स्वतःच्याच ‘का बरे’ला त्या हसल्या. केतकीला ते कळलं नाही, पण तिची भीती तेवढ्याने गेली.

"कारण काका पण साधंच बोलतात," ती म्हणाली. मग थांबली. शब्द शोधत होती. "बाबांनी सांगितलंय. शिपवर काका इंजिनरूममधून वर फोन करायचे, म्हणायचे, बरं आहे. देन ओन्ली शिप निघायची. त्या एका शब्दावर लोक समुद्रात जायचे. मी तो मोठा करून काय करू?"

मग बाईंनी प्राध्यापकांना ते इंग्रजीत सांगितलं, हळू, एकही शब्द न वाढवता.

प्राध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. "तुझ्या काकांना उत्तर न आलेला प्रश्न कोणता?"

केतकीने सांगितलं. पंपात कधी कधी खडे घातल्यासारखा आवाज येतो. पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटतात, म्हणून तो येतो, हे पुस्तकात आहे. पण काकांच्या एका जुन्या पंपात तो आवाज सुरू केल्यावर थोडा वेळच यायचा, मग काहीही न बदलता थांबायचा. का थांबायचा? काका म्हणाले, माहीत नाही.

"मलाही माहीत नाही," प्राध्यापक म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले! त्या माणसाच्या नावावर केवढे शोधनिबंध आहेत ते मी पाहिलं होतं. त्यांनी एक कागद ओढला, पंप काढला, कॅमेऱ्यासमोर धरला. इथे? की इथे? केतकी खुर्चीवरून उठून पडद्याला बोट लावू लागली. पाणी किती गरम होतं? नळी किती लांब? तू मोजलंस का? नाही? मोजायला हवं होतं. वीस मिनिटांची मुलाखत पाऊण तासावर गेली. ग्रंथपाल बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे. जन्मात समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी कर भरून हे टेबल मांडलं होतं, आणि त्याच्या एका बाजूला एक मोठा शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला सेंगकांगची एक पोर, तुआसच्या एका पंपाबद्दल भांडत होते. मी मोठमोठ्या शब्दांवर वाढले. त्यातला एकही तिथे पुरला नसता.

दोन महिन्यांनी एकाच दिवशी दोन ईमेल आले.

एक केतकीला. ऑनर्समध्ये निवड, वरची फी माफ, पहिल्याच वर्षापासून त्या प्रयोगशाळेत जागा. रश्मीताई हॉस्पिटलचा पांढरा कोट न काढताच आमच्या मजल्यावर आल्या. लिफ्टची वाट न बघता जिन्याने. दोन्ही हातांत माझा चेहरा धरला आणि सोडला. तेवढ्यात त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही.

दुसरा मला. दोन ओळींचा. यापुढे माझ्या सहीचं कुठलंही भाषांतर ते कॉलेज स्वीकारणार नाही. बाकी विद्यार्थ्यांचे अर्ज नेहमीप्रमाणे पाहिले जातील.

मिस टॅन म्हणाली, एक विनंतीपत्र लिहू या, कदाचित मागे घेतील. मी नको म्हटलं. त्यांचं बरोबर होतं.

मी तो ईमेल छापून टेबलाच्या खणात ठेवलाय. ते विद्यापीठ मी आजही पालकांना सगळ्यांत आधी दाखवते. मग एखादे बँकवाले साहेब डोळे बारीक करून विचारतात, "हे सगळं जाहिरातीत ठीक आहे हो, पण एवढ्या मोठ्या सरकारी ठिकाणी आमच्या मुलाचा अर्ज खरंच कुणी वाचणार आहे का?"

मी खण उघडते, आणि माझ्यावरच्या बंदीचा तो कागद त्यांच्या हातात देते.